जुन्या मसल कार ड्रॅगसाठी बांधणं – सुरुवात मागच्या चाकापासून

पाव_मैल

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज वेळ मिळालाय तर सगळंच लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एडिसन, न्यू जर्सीला असतो, मूळ सांगलीकडचा. गॅरेजमधे १९७० ची शेवरोले नोव्हा आहे, मसल कारच्या (साध्या गाडीत दांडगं इंजिन) जमान्यातली. दोन दाराची, साधी, आली तेव्हा सहा सिलिंडरवाली होती म्हणजे कागदावर होती, प्रत्यक्षात इंजिन नव्हतंच आणि फ्लोअरचा पत्रा गंजून पायाखालची जमीन दिसत होती. ती गाडी मी गेली तीन वर्षं फक्त ड्रॅग रेसिंगसाठी बांधतोय, म्हणजे थांबलेल्या जागेवरून सरळ रेषेत १३२० फूट, म्हणजे पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर.

वेड कुठून लागलं ते सांगतो. २०१४ ला ऑफिसमधला एकजण एनएचआरएच्या (इथली ड्रॅग रेसिंगची मोठी संघटना) समरनॅशनल्स शर्यतींना घेऊन गेला, इंग्लिशटाऊनला, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे नायट्रोच्या (नायट्रोमिथेन इंधनावरच्या) गाड्या सुटल्या की आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. पण मी अडकलो ते पिटमधे. साठीतली, सत्तरीतली माणसं पन्नास वर्षं जुन्या गाड्यांची बॉनेट उघडून उभी, कोणी वाल्व्हचं क्लिअरन्स लावतोय, कोणाची बायको टायरची हवा बघून वहीत लिहितेय. मी नुसता उभा राहून बघत होतो तर एका काकांनी हातात टॉर्च दिला, म्हणाले धर इथे. तेव्हापासून धरलेला तो टॉर्च अजून सुटलेला नाही. २०१८ च्या जानेवारीत इंग्लिशटाऊनला ड्रॅग रेसिंग कायमचं बंद झालं. १९६५ पासूनचा ट्रॅक होता. बातमी वाचली तेव्हा गाव उठल्यासारखं वाटलं मला, खरंच.

तर मुद्दा. आमच्या गल्लीत एक निवृत्त मेकॅनिक आहेत, सत्तरच्या दशकात स्वतः पळवायचे, माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. आजोबांचं पहिल्या दिवसापासून एकच सांगणं, गाडी मागून पुढे बांधायची. आधी टायर, मग ॲक्सल, मग पाटे (मागच्या स्प्रिंगचे), मग गिअरबॉक्स, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. मी ऐकलं नाही. मला इंजिनच हवं होतं. ३५० क्युबिक इंच म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेडं, मोठा कॅम, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, असं करत साधारण ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन उभं केलं, त्यात एका मशीन शॉपने बोअर चुकीचं मारून दिलं म्हणून ब्लॉक परत करावा लागला आणि पाच महिने गेले ते वेगळेच. आणि मागे ॲक्सल तसाच, कंपनीतून आलेला, टेन बोल्ट म्हणतात तो. पाटे तसेच. टायर रस्त्यावरचे.

पहिल्यांदा ट्रॅकवर नेली. वेळ १३.०२ सेकंद, शेवटचा वेग ताशी १०९ मैल. वेग बघून मी खूश झालो. आजोबांनी ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं, साठ फूट : २.२१ सेकंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅकवर सेन्सर असतात, पहिला ६० फुटांवर. तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते सगळं सांगून जातं. शेवटचा वेग इंजिनची ताकद सांगतो, आणि पहिले साठ फूट गाडी बांधणाऱ्याची अक्कल सांगतात. सर्वसाधारण हिशोब असा की पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाचवला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, कारण तो वेग पुढचं सगळं अंतर तुमच्या बरोबर येतो. म्हणजे माझ्याकडे ताकद होती पण ती जमिनीत उतरतच नव्हती. टायर फिरत होते, पाटे पिळवटत होते, मागचा भाग थडथड उड्या मारत होता. चौथ्या रनला ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचे दात गेले आणि गाडी टो करून घरी आली.

आता इंजिनला हात न लावता मागचं सगळं नव्याने केलंय. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. तोवर इथे कोणी या वाटेने गेलंय का, जुन्या गाड्यांबद्दल काय वाटतं, सगळं वाचायला आवडेल.

---

चौकस_चौकट

मस्त लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली). मला गाड्यांतलं शून्य कळतं तरी शेवटपर्यंत वाचलं. एक विचारू का, ती लाल पिवळ्या दिव्यांची काठी असते तिचं नेमकं काय असतं? आणि वेळ दिवा लागल्यापासून मोजतात ना?

---

पाव_मैल

चौकस, सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. त्या काठीला ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६३ ला आली, त्याआधी एक माणूस झेंडा घेऊन मधे उभा राहायचा. वर छोटे दिवे म्हणजे तुमचं पुढचं चाक रेषेवर आलं. मग तीन पिवळे, मग हिरवा. घाई केली तर लाल, आणि लाल म्हणजे त्या फेरीतून बाहेर. साधारण वर्गात पिवळे एकामागून एक अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात, प्रो ट्रीमधे तिन्ही एकदम आणि ०.४ सेकंदात हिरवा.

आणि नाही, वेळ दिव्यापासून मोजत नाहीत! चाक रेषेवरच्या किरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू. हिरवा लागल्यावर तुम्ही दोन सेकंद झोपलात तरी गाडीची वेळ तीच येणार, पण शेजारचा निघून गेलेला असेल. दिवा ते चाक हलणं हा वेळ वेगळा, त्याला रिॲक्शन टाईम म्हणतात. एक परीक्षा गाडीची आणि एक माणसाची, दोन्ही एकाच स्लिपवर.

---

घाटातली_बारी

अहो हे तर आमचंच झालं की! मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे बैलगाडा घाटात पळतो, एका वेळी एकच गाडा, शेजारी कोणी नाही, लढाई घड्याळाशी. बारी (गाड्याची फेरी) सुटली की सेकंदाच्या खालचा हिशोब. आणि तुम्ही पहिल्या साठ फुटांचं जे सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे जाणता माणूस बैल किती पळतो ते नंतर बघतो, आधी बघतो जुंपल्यावर सुटतो कसा. जागेवर नाचला, जू तिरकं गेलं, की बारी तिथेच गेली, वर कितीही पळू दे.

एक शंका, तुमच्याकडे दोन गाड्या शेजारी पळतात ना, मग एक १० सेकंदाची आणि एक १३ ची असली तर काय मजा? आमच्याकडे सातारा सांगलीत शेजारी शेजारी पळवतात पण तिथे जोडी तोलामोलाची लागते.

---

पाव_मैल

बारी भाऊ, तुमची प्रतिक्रिया आजोबांना भाषांतर करून सांगितली, त्यांना जुंपल्यावर सुटतो कसा हे वाक्य इतकं आवडलं की दोनदा सांगायला लावलं.

शंकेचं उत्तर म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. प्रत्येकाने आपली वेळ आधी जाहीर करायची, काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायची. मी १३.०० लिहिले, समोरच्याने १०.०० लिहिले, तर माझा दिवा तीन सेकंद आधी हिरवा होणार. दोघं आपापल्या लिहिलेल्या वेळेत पळाले तर शेवटच्या रेषेवर दोघं बरोबर येणार. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा जोरात पळाला तर बाद! त्यामुळे खोटं लिहून चालत नाही. गाडी रोज तीच वेळ देते का, ऊन असो गारवा असो, हीच खरी कसोटी. म्हणून साधी नोकरी करणारा माणूस चाळीस वर्षं जुनी गाडी घेऊन लाखो डॉलरच्या गाडीला हरवू शकतो. मला या खेळाचं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

---

ओरिजिनल_पत्रा

धागा वाचला. लेखन छान आहे पण मला थोडं बोलायचंय, राग मानू नका.

मी पुण्यात जुन्या गाड्या मूळ अवस्थेत आणायचं काम हौसेने करतो, वडिलांची १९५६ ची फियाट ११०० मी नऊ वर्षं खपून उभी केली, एक एक काचपट्टी, एक एक बटण शोधून. मला जुनी गाडी कापलेली बघवत नाही. मागची मडगार्डं आतून कापायची, सीट काढून टाकायची, बॉनेटला भोक पाडून डबडं बसवायचं, डॅशबोर्डमधे मीटर ठोकायचे. त्या गाडीचं कोणीतरी डिझाईन केलं होतं, कोणीतरी ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा पेढे वाटले असतील (तिकडे काय वाटतात ते वाटले असेल). पन्नास वर्षं टिकलेली वस्तू एका छंदापायी परत न येण्यासारखी बदलणं मला पटत नाही. नवीन गाडी घ्या आणि पळवा की.

---

डेट्रॉइट_डायरी

ओरिजिनल पत्रा सर, तुमच्या भावनेचा पूर्ण आदर, पण एक गोष्ट मांडतो. मी मिशिगनला ऑटो कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या ठिकाणी नोकरी करतो आणि या इतिहासावर माझं फार प्रेम आहे.

या गाड्यांच्या बाबतीत मूळ अवस्था म्हणजे काय हाच प्रश्न आहे. १९६४ चं फोर्डचं थंडरबोल्ट घ्या. फेअरलेन ही साधी मध्यम आकाराची घरगुती गाडी, तिच्यात ४२७ क्युबिक इंचाचं प्रचंड इंजिन कोंबलं, पुढचे भाग फायबरग्लासचे केले, आणि आतल्या बाजूचे हेडलाईट काढून त्या भोकांतून इंजिनला हवा दिली. अशा शंभर गाड्या बांधल्या, सगळ्या ड्रॅगसाठी. १९६८ ला क्रायस्लरने हर्स्ट कंपनीकडून डॉज डार्ट आणि प्लिमथ बाराकुडा बांधून घेतल्या, ४२६ चं हेमी इंजिन घालून. वजन कमी करायला पत्रा ॲसिडमधे बुडवून पातळ केला, बाजूच्या काचा पातळ, काच वरखाली करायला हँडलच नाही, पट्टा ओढायचा, सीट व्हॅनच्या हलक्या. मागचं मोठं टायर बसावं म्हणून मागच्या चाकाची कमान कंपनीतूनच कापून आली होती. आणि गाडीवर सूचना, ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही.

मग १९६९ ची शेवरोलेची झेडएल१ कॅमारो. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने ५० गाड्यांची ऑर्डर दिली, पूर्ण ॲल्युमिनियमचं ४२७ इंजिन. एकूण ६९ झाल्या. इंजिनचीच किंमत चार हजार डॉलरच्या वर, गाडी सात हजारांच्या पुढे, त्या काळी लोकांना परवडेना म्हणून बऱ्याच डीलरकडे पडून राहिल्या, आज त्यांच्या किमती विचारू नका.

म्हणजे कापाकापी हाच यांचा जन्म. ज्याने १९६८ ला विकत घेतली त्याने पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर काढून हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाईप) लावले, टायर बदलले. ती गाडी शोरूमसारखी करणं म्हणजे तिने जे आयुष्य खरोखर जगलं तेच पुसणं नाही का?

आणि मसल कारची ही सगळी गंमत फार थोडी वर्षं टिकली हेही लक्षात घ्या. सुरुवात १९६४ च्या पाँटियाक जीटीओने, १९७० ला प्रदूषणाचा कायदा आला, विम्याचे हप्ते वाढले, १९७१ ला जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, १९७३ ला तेलाचं संकट. जेमतेम आठ नऊ वर्षांचा खेळ. त्यानंतर या गाड्या हजार दोन हजार डॉलरला मिळायच्या आणि त्या भंगारात जाण्यापासून ज्यांनी वाचवल्या त्यात ड्रॅगवाले फार मोठ्या संख्येने होते.

---

ओरिजिनल_पत्रा

डेट्रॉइट, त्या कापून आलेल्या कमानीची गोष्ट मला माहीत नव्हती. विचार करायला लावलंत. कंपनीनेच ड्रॅगसाठी बांधलेल्या गाडीबद्दल माझा आक्षेप मागे घेतो. पण एखादी ज्या इंजिनसह कारखान्यातून निघाली त्याच इंजिनसह आजवर टिकलेली शेवरोले चेव्हेल असेल आणि कोणी ती कापली तर मी रडेन, यावर ठाम आहे.

---

पाव_मैल

ओरिजिनल पत्रा सर, तशी गाडी माझ्या हातात आली तर मीही कापणार नाही, शब्द देतो. नोव्हा घेताना मी दोन गाड्या बघितल्या होत्या. एक अस्सल एसएस (नोव्हाचंच जोरदार मॉडेल), मूळ इंजिन, पत्रा कोरा, किंमत तिप्पट. ती बघून मला हात लावायची भीतीच वाटली. दुसरी ही, इंजिन नाही, कागद फाटलेले, फ्लोअर गेलेला, अंगणात बारा वर्षं उभी. हिला कोणी मूळ रूपात आणणार नव्हतं, हिचा रस्ता क्रशरकडेच होता. सहा सिलिंडरच्या, चार दाराच्या, गंजलेल्या अशा गाड्या बांधायला घ्याव्यात आणि अस्सल आहेत त्या जपाव्यात असं माझं मत आहे. आणि एक, जे बोल्टने बसतं ते बोल्टनेच बसवलंय. डॅशबोर्डला एकही नवीन भोक पाडलेलं नाही, मीटर वेगळ्या पट्टीवर लावलेत.

फियाटचे फोटो टाका ना प्लीज.

---

तेलकट_चिंधी

कोल्हापुरातून. आमचं तीन पिढ्यांचं गॅरेज. भावा कामाचं बोल, मागं नक्की काय काय केलंस? पाट्यावरची गाडी आहे म्हणतोस, मग पाटं पिळवटायचं कसं थांबवलंस? आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे का मॅन्युअल? मॅन्युअलच असणार, ऑटोमॅटिकवर कोण रेस पळवतंय.

---

पाव_मैल

तेलकट भावा, ऑटोमॅटिकच आहे! मलाही आधी पटलं नव्हतं. तीन गिअरचा टर्बो ३५०. कारण असं की टॉर्क कन्व्हर्टर बदलून असा घालता येतो जो ३२०० आरपीएमपर्यंत इंजिनला मोकळं चढू देतो, म्हणजे गाडी सुटते तीच इंजिनच्या ताकदीच्या पट्ट्यात, आणि प्रत्येक वेळी सारखी सुटते. क्लचवर माझा पाय रोज वेगळा पडतो. फार जोरात पळणारे तर पॉवरग्लाईड वापरतात, फक्त दोन गिअर, ५० च्या दशकातलं डिझाईन, पण हलकं आणि भक्कम.

आता पाटे. ताकद लागली की ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो, पिनियनचं नाक वर उठतं, पाट्याचा पुढचा अर्धा भाग इंग्रजी एस सारखा वळतो, मग तो परत सरळ होताना टायर जमिनीवरून सुटतं, परत आपटतं, हीच ती थडथड. यावर ट्रॅक्शन बार लावले, पाट्याच्या खालून पुढच्या डोळ्यापर्यंत जाणारी दांडी, ॲक्सल फिरायला गेला की दांडी पाट्यालाच दाबते आणि टायर जमिनीत रुततं.

ॲक्सल बदलून फोर्डचा नऊ इंची घातला. हो, शेवरोलेत फोर्डचा! १९५७ पासूनची चीज आहे, पिनियनला मागूनही एक बेअरिंग असतं त्यामुळे तो लवत नाही, आणि मधला गोळा पुढून अख्खा बाहेर निघतो, रेशो बदलायचा तर दुपारभरात काम. ३.७३ चा रेशो टाकलाय, म्हणजे शाफ्टचे ३.७३ फेरे तेव्हा चाकाचा एक.

बॅटरी डिक्कीत उजव्या मागच्या चाकावर. गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टच्या पिळामुळे सुटताना उजवं मागचं टायर हलकं होतं, तिथेच वजन हवं. आणि पुढचे शॉकॲब्झॉर्बर ढिले, म्हणजे नाक पटकन उठतं आणि भार मागे जातो. शेवटी स्लिक (नक्षी नसलेले गुळगुळीत) टायर, हवा अगदी कमी, सुटताना टायरच्या भिंतीला चुण्या पडतात आणि तो पसरून जमीन धरतो.

---

तेलकट_चिंधी

आता कळलं. पाट्याला पाट्यानंच दाबायचं. लय भारी डोकं. उसाच्या ट्रॉलीला चढावर पाटं असंच वळताना मी डोळ्यानं बघितलंय. हवा किती ठेवतोस ते सांग पळवल्यावर.

---

माहेर_नाशिक

मी इंडियानापोलिसला असते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि ज्युनियर ड्रॅगस्टर पळवते, छोटी गाडी, छोटं इंजिन, अंतरही निम्म्याहून जास्त नाही. एनएचआरएने मुलांसाठी हे १९९२ ला सुरू केलं. नातेवाईकांनी मला वेड्यात काढलं होतं, मुलीला हे कशाला. तिच्या खोलीत शर्ली मल्डाउनीचं चित्र आहे. टॉप फ्युएलचं (नायट्रोवरच्या सगळ्यात वेगवान गाड्यांचा वर्ग) लायसन्स मिळवणारी पहिली बाई, आणि १९७७, १९८०, १९८२ अशी तीनदा राष्ट्रीय विजेती, ज्या काळात ट्रॅकवर तिला कोणी उभं करायला तयार नव्हतं तेव्हा.

दादा तुम्हाला एकच सांगणं, सेफ्टीचं काहीच लिहिलं नाहीत तुम्ही. ते लिहा. इथे वाचणारी पोरं आहेत.

---

पाव_मैल

ताई तुमचं शंभर टक्के बरोबर, ते आधीच लिहायला हवं होतं. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

१३.९९ किंवा त्याहून कमी वेळ आली की हेल्मेट हवंच, आणि स्लिक असतील तर शाफ्टभोवती लोखंडी कडं. पुढचा जोड तुटला तर शाफ्ट जमिनीत घुसून गाडी उलटवू शकतो म्हणून. ११.४९ ला रोल बार (ड्रायव्हरच्या मागची लोखंडी कमान), ९.९९ ला पूर्ण पिंजरा आणि लायसन्स, ताशी १५० मैलाला पॅराशूट. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी अपघातातून आलाय. टॉप फ्युएलचा ड्रायव्हर डॉन गार्लिट्स १९७० ला गिअरबॉक्स फुटून उजवं पाऊल अर्धं गमावून बसला, आणि दवाखान्यातून उठून त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी यशस्वी करून दाखवली, आज सगळे टॉप फ्युएल तसेच आहेत. २००८ ला इंग्लिशटाऊनलाच ड्रायव्हर स्कॉट कलिटा अपघातात गेला, त्यानंतर नायट्रोच्या गाड्यांचं अंतर १३२० वरून १००० फूट केलं.

आणि रस्त्यावर नाही. कधीच नाही. रात्रीचा रिकामा हायवे पण नाही.

---

फक्त_वाचक

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात, ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे जावं. मी बघायला गेलो होतो, पण जुन्या गाड्या कमी, बहुतेक नव्या. धागा आवडला.

---

पाव_मैल

धागा वर काढतोय.

काल आयलंड ड्रॅगवेला गेलो होतो, ग्रेट मेडोजला, न्यू जर्सीतला १९६० पासूनचा ट्रॅक. सकाळी गार होतं. पहिली रन सांभाळून, दुसरीला पूर्ण दिली. पाण्यात टायर भिजवून जाळले (जागेवर फिरवून तापवले), पुढे आलो, दोन्ही दिवे लागले, तिसऱ्या पिवळ्याला ब्रेकवरचा पाय सोडला. यावेळी थडथड नाही, आवाज नाही, मागून कोणीतरी खांद्याला धरून ढकलल्यासारखं फक्त, आणि नाक इतकं वर की क्षणभर समोर बॉनेटच दिसत होतं.

साठ फूट : १.७२. पाव मैल : १२.१४. वेग ११०.

इंजिन तेच. एक स्क्रू फिरवला नाही. वेग फक्त एका मैलाने वाढला आणि वेळ जवळजवळ नऊ दशांश उतरली. आजोबांनी स्लिप घेतली, चष्मा वर केला, साठ फुटाची ओळ वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले ही माझ्याकडे राहू दे. मी मागितली नाही परत.

तेलकट, टायरमधे १४ पौंड हवा होती. मधे काळं जास्त उमटत होतं, कडेला कमी, म्हणून पुढच्या वेळी १३ वर बघणार.

---

तेलकट_चिंधी

१३ वर बघच. आणि दोन्हीकडं वेगवेगळी ठेवून बघ, उजवीकडं अर्धा पौंड कमी.